मागून अनवाणी

झुंडरच्या मागच्या पायांचे नाल काढलेले नाहीत, ही गोष्ट सबंध खोऱ्यात दोघांनाच ठाऊक होती: बुर्गीला आणि झुंडरला. झुंडर बोलणार नव्हता. बुर्गीचा स्वतःबद्दलही तसाच समज होता.

तरी खबरदारी म्हणून ती त्याला डांबरी रस्ता सोडून कडेच्या गवतातून चालवत होती. ऑस्ट्रियातल्या पिन्त्सगाउच्या या कोपऱ्यात माणसांचे चेहरे लक्षात ठेवायची फारशी पद्धत नाही. लक्षात ठेवतात ते घर, आणि घोड्याच्या टापा. बटाटे सोलता सोलता बाई खिडकीबाहेर न बघता सांगते, की लेनच्या घरचा काळतोंड्या पाण्यावर निघाला आणि त्याचा पुढचा डावा नाल सैल झालाय. असल्या कानांच्या गावातून, आजच्या दिवशी, चार लोखंडी पाय चोरून न्यायचे म्हणजे प्रार्थना चालू असताना चर्चमधून बैल नेण्यासारखं होतं. त्यात झुंडरचं वजन गावच्या बँडमधल्या सगळ्या पितळवाल्यांइतकं, वाद्यं हातात धरून.

त्याचं पूर्ण नाव झुंडर चौदावा. या जातीच्या घोड्यांना राजांसारखे आणि पोपांसारखे आकडे लावतात, आणि राजांपेक्षा यांची वंशावळ जास्त विश्वासाची असते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कुणी दौतीतला टाक झटकावा तसे. हे खोरं आर्चबिशपांच्या, म्हणजे चर्चच्या बड्या धर्मगुरूंच्या राज्यात होतं, तेव्हा ठिपक्यांच्या घोड्यांची मोठी चैन होती. पुढे आर्चबिशपांचं राज्य गेलं आणि ठिपके डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या गळ्यात पडले. झुंडरच्या वंशात आता नर म्हणून तो एकटाच उरला होता. त्याचा एक भाऊ खच्ची होऊन शहरात प्रवाशांची बग्गी ओढत होता. दुसरा शिंगरू असतानाच शरदातल्या बाजारात एका इटालियन व्यापाऱ्याने नेला, आणि तो व्यापारी बग्ग्यांचा नव्हता.

जातीच्या संवर्धनासाठी एक संघटना होतीच. संघटनेने झुंडरचं वीर्य गोठवून ठेवायचं ठरवलं, त्यासाठी शहरातून डॉक्टर आणि एक लाकडी घोडी आली. पत्र्याचा मुकुट पुढे केल्यावर आर्चबिशपाने जसं पाहावं, तसं झुंडरने त्या घोडीकडे पाहिलं आणि तो गवत खायला वळला. डॉक्टरांनी अहवालात काय लिहिलं देव जाणे. पण ते पुन्हा आले नाहीत.

तेव्हा राहिला तो जुनाच मार्ग, आणि तो रिंगणातून जात होता.

जूनअखेरीस खोऱ्यातले सगळे वळू घोडे उन्हाळ्यापुरते वरच्या कुरणावर जातात. तिथे कडे आहेत, घळी आहेत. एकमेकांना न ओळखणारे बारा-पंधरा घोडे तसेच सोडले तर कोण मोठा हे ते कड्याच्या टोकावर ठरवतील. म्हणून आधी खाली, कुरणाच्या तोंडाशी, लाकडी कुंपणाच्या रिंगणात त्यांना एकत्र सोडतात. चावतात, उभे राहतात, लाथा झाडतात, आणि दुपारपर्यंत प्रत्येकाला आपली जागा कळते. मग वर सगळे शहाण्यासारखे चरतात. माणसांनीही ही पद्धत घेऊन पाहावी असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं, आणि दरवर्षी सगळे हसतात. मात्र ज्या घोड्याने रिंगण पाहिलं नाही, त्याच्याकडे कुणी घोडी नेत नाही. तसा घोडा म्हणजे फर्निचर.

म्हणजे झुंडरला नेलं नाही तर वंश संपला. आणि नेलं, तर काय होऊ शकतं ते बुर्गीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी याच रिंगणात झुंडरचा बाप, तेरावा, उभा होता. लेनच्या काळतोंड्याची लाथ त्याच्या पुढच्या पायाला बसली. गोठलेल्या डबक्यावर पाय पडावा तसा आवाज झाला. तेरावा पडला नाही. तीन पायांवर उभा राहून तो बुर्गीकडे बघत राहिला, आता पुढे काय करायचं असं विचारल्यासारखा. खाटीक तंबूत जेवत होता. तो गळ्यातला रुमाल न काढताच आला. तेव्हापासून बुर्गीला थंडीत डबक्यावरून चालवत नाही. ती वळसा घालते, आणि विचारलं तर सांगते की गुडघे दुखतात.

यात कुणाची चूक नव्हती. काळतोंड्याच्या मागच्या पायांत नाल नव्हते. कुणाच्याच नसतात. आदल्या दिवशी प्रत्येक घर आपल्या घोड्याचे मागचे नाल काढतं, कारण उघड्या खुराची लाथ मुका मार देते आणि लोखंडाची लाथ जीव घेते. तेराव्याचं नशीब फुटकं, एवढंच. फाटकावर कुरणाचा कारभारी प्रत्येकाला विचारतो, ‘‘मागून?’’ मालक म्हणतो, ‘‘अनवाणी.’’ झालं. वाकून खूर उचलून बघत नाहीत. खूर उचलणं म्हणजे त्या घराला खोटं म्हणणं, आणि ते आजवर कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. खोऱ्यात बाकी सगळ्या बाबतीत लोक एकमेकांना खोटं म्हणत, जमिनीच्या बांधापासून केकच्या कृतीपर्यंत. पण इथे नाही.

काल दुपारी बुर्गीने पकड घेतली, झुंडरचा मागचा पाय मांडीवर ओढला, खिळ्यांची वळलेली टोकं सरळसुद्धा केली. मग तिच्या डोळ्यासमोर तीन पायांवरचा तेरावा उभा राहिला. झुंडर तर पोरगेलासा, पहिलीच खेप. त्याला बाकीचे मधे घेतील. त्याच्या पायांत काहीतरी असू दे, एवढंच तिच्या मनात आलं. तिने टोकं पुन्हा ठोकून वळवली, पाय खाली ठेवला, आणि लोखंड चमकू नये म्हणून त्यावर शेण आणि चरबी चोपडली.

अंगणातल्या बाकावरून तिचा भाऊ व्हिटसने विचारलं, झालं का. त्याचं खुब्याचं हाड नवं बसवलेलं, नाहीतर हे काम त्याचंच.

‘‘झालं,’’ बुर्गी म्हणाली. साठ वर्षांत ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती असं नाही. पण ते लोण्याबद्दल वगैरे.

पुलापाशी नेमका लेनचा गिडी गाठ पडला. त्याच्या हातात काळतोंड्याचा दोर होता. निळसर करड्या अंगाचा, कोळशात तोंड घातल्यासारख्या काळ्या डोक्याचा तो घोडा आता म्हातारा झाला होता. पाठ खाली गेलेली, ओठ लोंबणारा. गेली तीन वर्षं बुर्गी त्याच्यासमोर थुंकायची राहिली होती ती केवळ शेजारधर्म म्हणून. आणि गिडीशी ती हवापाण्यापलीकडे बोलत नव्हती. गिडी मात्र बोलत होता. त्याला दोन माणसांची बडबड एकट्याने करायची सवय होती, त्याची बायको फार पूर्वीच गप्प झाली होती.

‘‘काय गं बुर्गे, तुझा बिशप गवतातून का चालतोय? डांबर सोसत नाही का त्याला?’’

‘‘पाय गरम होतात त्याचे.’’

‘‘लाड आहेत हो.’’ गिडी हसला. मग तो हसू आवरून, कुंपणाशी बोलावं तसा दुसरीकडे बघत म्हणाला, ‘‘माझ्या म्हाताऱ्याची ही शेवटची खेप. काल नाल काढल्यावर मी खुरांच्या कडासुद्धा कानशीने घासून गोल केल्या. अगदी पावाच्या कडेसारख्या. त्या वेळी तुझ्या घोड्याला जे झालं... आता निदान माझ्याकडून तरी पुन्हा नको.’’

सांगायचं असेल तर आत्ता, हे बुर्गीला कळलं. पुलाखाली पाणी होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं, पकड गिडीच्या पिशवीत असणारच. पाच मिनिटांचं काम. तिने तोंड उघडलं.

‘‘पाऊस येईलसं दिसतंय,’’ ती म्हणाली.

‘‘आलाच तर तंबू आहे की मागिस्टरचा,’’ गिडी म्हणाला आणि पुढे झाला.

मागिस्टर थाल्हामर हे संघटनेने यंदा नेमलेले प्रचारप्रमुख. हे शहरातले. नावाआधी मागिस्टर ही पदवी लावली नाही तर त्यांना थंडी वाजत असावी. घोड्यांची जात टिकवायची तर तिचा अनुभव विकला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ‘जड घोडा, हलकं मन’ हे त्यांनीच शोधलेलं वाक्य टोप्यांवर, पेल्यांवर आणि कारभाऱ्याच्या इच्छेविरुद्ध कुरणाच्या फाटकावर झळकत होतं. घोड्याच्या मांसाचा गरम पाव विकणारा गाडा त्यांनी यंदा तंबूच्या मागे नेला होता आणि त्याच्या पाटीवर ‘डोंगरी पाव’ असं लिहायला लावलं होतं. तो गाडा मुळात हवाच कशाला, असं एका पाहुणीने विचारलं, तेव्हा संघटनेच्या अध्यक्षांनी तिला समजावलं, की लोक खातात म्हणून तर शिंगरं होतात, आणि शिंगरं होतात म्हणून जात टिकते. पाहुणी विचार करत निघून गेली. अध्यक्षांचं बरोबर होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

मागिस्टरांची सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे ध्वनिक्षेपक. कुंपणाच्या चारही कोपऱ्यांवर शवपेटीएवढे कर्णे. वसंतातल्या बैठकीत याला कडाडून विरोध एकाच बाईने केला होता. घोडे बिथरतील, माणसं बहिरी होतील, आणि रिंगण हे ऐकायचं असतं, नुसतं बघायचं नसतं, असं ती म्हणाली होती. ती बुर्गी.

आता फाटकाकडे चढताना दुरूनच त्या कर्ण्यांतून बँडचं ध्वनिमुद्रित वादन डोंगरावर आदळत होतं, आणि बुर्गी मनातल्या मनात मागिस्टरांच्या सात पिढ्यांना आशीर्वाद देत होती.

कारण फाटकात एक शिळा होती. सपाट, जमिनीत रुतलेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या टापांनी गुळगुळीत झालेली. प्रत्येक घोडा तिच्यावरून आत जाई. पुढचे दोन पाय टणटण वाजत आणि मागचे दोन धपधप. त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे. कारभारी फक्त प्रश्न विचारी, मालक फक्त उत्तर देई, आणि दोघांचेही कान शिळेवर असत. विश्वास हा असा सगळ्यांनी मिळून ऐकायचा होता.

आज शिळा मुकी होती. तिच्यावरून लेनचा काळतोंड्या गेला, आणि ऐकू आला तो कर्ण्यांतला पोल्का.

कारभारी कास्पर फाटकाला टेकून उभा होता. सत्तरी उलटलेला, कानांत कापूस घातलेला. त्याने ओठ हलवले. शब्द ऐकू आला नाही, पण तोच असणार.

‘‘अनवाणी,’’ बुर्गीने ओठ हलवले.

कास्परने मान डोलावली. झुंडर शिळेवरून आत गेला. शिळेवरच्या लोखंडाचा हादरा बुर्गीला दोरातून हातापर्यंत जाणवला, आणि तो आणखी कुणालाही जाणवला नाही. तिने म्होरकी काढली. बकल तिसऱ्या खेपेला सुटलं. मग ती कुंपणाबाहेर आली.

आतापर्यंत तिला झुंडरसाठी भीती वाटत होती. ती भीती ओळखीची होती, घरातल्या मांजरासारखी. कुठे बसते ते माहीत होतं. पण रिंगणात झुंडर मोकळा झाला, त्याने शेपूट उचललं, एक गोल धाव घेतली, आणि त्याच्या मागच्या पायांनी उडवलेली ढेकळं कुंपणाच्या फळ्यांवर खडाखड आपटली. त्याबरोबर भीती उठली आणि दुसऱ्या जागी जाऊन बसली. रिंगणात अकरा दुसरे घोडे होते. अकरा घरांचे. काहींच्या वंशात सुद्धा तो एकटाच उरलेला. आणि त्यांच्यामधे पाच माणसं होती, हातात लांब काठ्या घेतलेली. कोपऱ्यात अडकलेल्या घोड्याला वाट करून द्यायची हे त्यांचं काम. त्या पाचांत गिडी होता. दरवर्षी असे.

जात वाचवायला ती निघाली होती.

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. म्हणजे बरंच झालं: कुणाच्या मानेची कातडी सोलली, कुणी मागच्या पायांवर उभा राहून कुणाच्या पाठीवर पडला, मागिस्टर कर्ण्यातून ‘‘निसर्गाचं नृत्य’’ म्हणाले. झुंडर कडेकडेने फिरत होता, मोठ्यांना वळसे घालत, ओठ चाटत. नव्या पोराने करावं तसंच. बुर्गी कुंपणाची वरची फळी दोन्ही हातांनी धरून त्याला मनातून सांगत होती, असाच राहा, शेवटचा ये, शेवटच्यालाही वर गवत मिळतं.

मग एका तपकिरी घोड्याने त्याला पुठ्ठ्याला चावा घेतला. झुंडर किंचाळला आणि दोन्ही मागचे पाय झाडले. तपकिरी तोवर बाजूला झाला होता. लाथ कुंपणाला बसली. मनगटाएवढी जाड फळी उभी चिरली, आणि चिरेच्या शेजारी, ताज्या पांढऱ्या लाकडात, एक स्वच्छ चंद्रकोर उमटली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागिस्टर म्हणाले, ‘‘चौदाव्याची ताकद बघा.’’ अनेकांनी फोनवर त्या फळीचा फोटो काढला.

बुर्गी चंद्रकोरीकडे बघत राहिली. उघड्या खुराची खूण चिरडलेली, पसरट उठते. हे इथे लहान मुलांनाही कळतं. पण मोठी माणसं घोड्याकडे बघत होती आणि फळीकडे पाहुणे बघत होते. तिने ओरडून सांगायचं ठरवलं. ठरवणं अवघड गेलं नाही, याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं. घराचं नाव, व्हिटस, सगळं एका क्षणात हलकं झालं.

‘‘नाल आहेत,’’ ती ओरडली. ‘‘झुंडरच्या मागच्या पायांत नाल आहेत.’’

कर्ण्यांनी ते गिळून टाकलं. शेजारी नवा कोरा पोशाख घातलेली एक पाहुणी बाई उभी होती. तिला एकच शब्द कळला. तिला वाटलं, ही आपल्या घोड्याला प्रोत्साहन देतेय. तिचं मन भरून आलं, आणि तीही हात उंचावून ओरडायला लागली, ‘‘झुंडर, झुंडर.’’ तिच्या पलीकडच्यांनी ते उचललं. बघता बघता कुंपणाची ती सगळी बाजू झुंडरच्या नावाने घुमू लागली.

आणि रिंगणात काळतोंड्या वरच्या कोपऱ्यात अडकला. तो थकला होता. त्याला नुसतं उभं राहायचं होतं, पण कोपरा ही वाईट जागा, तिथून मागे हटता येत नाही. झुंडरने आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यापेक्षा मोठं काहीतरी घाबरलेलं पाहिलं, आणि माणसांना अशा वेळी जे होतं तेच त्याला झालं. तो वळला, आणि पुठ्ठा पुढे करून एकेक पाऊल मागे सरकू लागला. गिडी काठी घेऊन मधे शिरला, आपल्या म्हाताऱ्याला वाट करून द्यायला. उघड्या खुरांच्या घोड्यासमोर जेवढ्या अंतरावर उभं राहावं तेवढ्या अंतरावर तो उभा राहिला. हिशोब बरोबर होता. फक्त घोडा तसा नव्हता.

बुर्गी धावली. रिंगणाकडे नाही, तंबूकडे. मागिस्टर माइक धरून उभे होते, त्यांच्या पायाशी जनित्र होतं आणि जनित्रातून जाड काळी केबल निघाली होती.

‘‘मॅडम, थेट प्रक्षेपण चालू आहे,’’ मागिस्टर म्हणाले.

तिने केबल दोन्ही हातांनी धरून उपटली.

शांतता एकदम पडली, पहाडावरून बर्फ पडतो तशी. झुंडर झुंडर करणारे लोक स्वतःचे आवाज ऐकून ओशाळले आणि गप्प झाले. घोड्यांचे श्वास ऐकू येऊ लागले. रिंगणाच्या वरच्या कोपऱ्यात जमिनीतून खडक वर आलेला आहे. मागे सरकता सरकता झुंडरने त्यावर पाय ठेवला.

टण्.

मग दुसरा. टण्.

सगळ्या खोऱ्याने मान वळवली. तंबूतल्या बायकांनी, पेला तोंडाशी नेलेल्या म्हाताऱ्यांनी, पाळण्यातल्या पोराला झुलवणाऱ्या आईने. कास्परने कानांतला कापूस काढला, पण त्याची गरज नव्हती. बुर्गीला बोलायचं होतं, ते घोड्याने बोलून टाकलं होतं.

काठीवाल्या चौघांनी बाकीचे घोडे खालच्या बाजूला वळवले. गिडी जागचा हलला नाही. हलला असता तर लाथ सुटली असती. त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर दोन लोखंडी चंद्रकोरी होत्या, आणि आता त्याला ते माहीत होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. बुर्गी म्होरकी घेऊन आत आली आणि थबकली.

गिडीने मान न वळवता, बाळ झोपलेल्या खोलीत बोलावं तसं विचारलं, ‘‘बुर्गे, लोखंड आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मग पुढून ये. मागे मी आहे.’’

ती पुढून गेली. इतकी वर्षं ती या घोड्याला चारत आली होती, त्याच्या जन्माच्या वेळी कोपरापर्यंत हात घालून तिने त्याला ओढून काढलं होतं. आणि आता त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग बघताना तिला कळलं, की त्याला ती दिसतच नाहीये. त्याचे कान मानेला चिकटले होते. तिचे गुडघे खरोखरच दुखायला लागले. तिने त्याच्या नाकावर हात ठेवला. त्याने डोकं झटकलं आणि ती जमिनीवरून उचलली गेली, पण म्होरकीचा दोर त्याच्या मानेभोवती पडला होता, आणि ती दोराला लोंबकळली, पोत्यासारखी. झुंडर तिच्या वजनाने अर्धा वळला आणि त्याच क्षणी लाथ सुटली.

फळी फुटल्याचा आवाज आला. बुर्गीने डोळे मिटून घेतले. डबक्यावरचा बर्फ, तिला वाटलं. आता डबक्यावरच्या बर्फाचा आवाज येईल.

तो आला नाही. डोळे उघडले तेव्हा गिडी कुंपणाच्या मुळाशी गवतात आडवा होता, डोकं हातांत धरून. झुंडर वळला तेवढ्या निमिषात त्याने अंग टाकून दिलं होतं. जिथे त्याची छाती होती तिथल्या फळीवर दुसरी चंद्रकोर होती, आणि तिच्यात त्याच्या टोपीचा मोडका पिसारा अडकला होता. काळतोंड्या मोकळ्या झालेल्या वाटेने शांतपणे बाहेर आला, चार पावलं चालला, लांबलचक मुतला आणि चरायला लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

समोर कुणी उरलं नाही म्हटल्यावर झुंडर गोंधळला. बुर्गीने त्याच्या तोंडावर म्होरकी चढवली.

फाटकापाशी सगळे जमले होते. बुर्गी वाट बघत होती, की कुणीतरी शिवी देईल. शिवी आली असती तर बरं झालं असतं. तिने समोर बघून सांगितलं, की व्हिटसला यातलं काही माहीत नाही, हे तिचं एकटीचं काम. कास्परने ऐकलं. मग त्याने खुंटीवरची पकड काढून तिच्या हातात दिली.

नाल काढताना तिच्या हातांत जोर उरला नव्हता. गिडी लंगडत आला, झुंडरचा मागचा पाय उचलून त्याने आपल्या मांडीवर धरला, आणि दुसरीकडे बघत राहिला. खिळे एकेक करून निघाले. प्रत्येक खिळ्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मागिस्टरांनी मधेच विचारलं, की हे पाहुण्यांसाठी थोडं समजावून सांगता येईल का. मग त्यांनी आपणच टोपी काढली.

दोन नाल गवतात पडले. आता काय करायचं याचा नियम नव्हता, कारण असं कधी झालंच नव्हतं. घरी न्यायचा, तर फर्निचर. सोडायचा, तर तेच रिंगण, तोच तपकिरी, आणि पायांत काही नाही. कास्पर तिच्याकडे बघत होता. ठरवायचं तिलाच होतं.

बुर्गीने झुंडरला फाटकाबाहेर नेलं, वळवलं, आणि पुन्हा शिळेसमोर उभं केलं.

‘‘मागून?’’ कास्परने विचारलं.

‘‘अनवाणी,’’ ती म्हणाली. आवाज फुटला, पण शब्द पूर्ण झाला.

कास्परने मान डोलावली नाही. तो कमरेवर हात ठेवून हळूहळू वाकला. सत्तरी उलटलेला माणूस वाकतो तसा, टप्प्याटप्प्याने. त्याने झुंडरचा मागचा खूर उचलला आणि आत पाहिलं. मग दुसरा. गर्दीतून एक उसासा निघाला आणि विरला. बुर्गीला वाटलं होतं, आपल्याला लाज वाटेल. वाटली ती भीतीच, पण या भीतीत घोडा कुठे नव्हता, मोडलेला विश्वास होता.

कास्पर सरळ झाला आणि बाकीच्या मालकांकडे वळला. ते एकमेकांकडे बघू लागले, पहिल्यांदाच, शेजाऱ्याच्या घोड्याच्या खुरांकडे नजर टाकत. तेवढ्यात गिडी आत गेला. त्याने काळतोंड्याला दोर लावून बाहेर आणलं, शिळेपाशी उभं केलं, आणि कुणी विचारायच्या आत स्वतःच त्याचा मागचा पाय उचलून कास्परसमोर धरला. कानशीने गोल केलेला, पावाच्या कडेसारखा.

‘‘बघ,’’ तो म्हणाला. ‘‘आता बघतच जा. सगळ्यांचे.’’

त्याच्यामागे रांग लागली.

झुंडर रिंगणात गेला. तपकिरी घोड्याने त्याला दोनदा लोळवलं, एकदा बरगडीवर लाथ मारली. पोकळ, मऊ आवाज झाला. बुर्गी फळी धरून उभी राहिली आणि तिने एकदाही डोळे मिटले नाहीत. दुपारी घोड्यांनी आपापसांत ठरवून टाकलं, तेव्हा तो शेवटून दुसरा होता. शेवटचा काळतोंड्या, स्वखुशीने.

मग वरचं फाटक उघडलं आणि सगळे डोंगराकडे निघाले. कर्णे अजून बंदच होते. केबलचं टोक बुर्गीने उपटताना मोडलं होतं. पायवाट खडकांतून वर जाते, कड्यांच्या बाजूबाजूने, आणि सप्टेंबरपर्यंत तिथे कुणाचा हात पोचत नाही. घोडे दिसेनासे झाले तरी लोक उभे होते. ते ऐकत होते. बुर्गीही ऐकत होती, त्या सगळ्यांतून एकाच्या टापा वेगळ्या काढत. पुढचे दोन टणटण, मागचे दोन धपधप.

शेजारी उभ्या असलेल्या गिडीने विचारलं, ऐकू येतोय का अजून.

‘‘येतोय,’’ ती म्हणाली, आणि येत नव्हता तरी बराच वेळ तशीच उभी राहिली.